देणं नावाचा खण

आमच्या घरचा जुना कॉम्प्युटर एका पालीने मारला. मागचं झाकण मीच काढून ठेवलं होतं, आत वारा खेळावा म्हणून. पालीलाही तो वारा आवडला असणार. सकाळी बटण दाबलं, आत चर्र झालं, निळसर धूर आला आणि स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "अहो, काय तळताय?"

"तुझ्या पोरीचा कॉम्प्युटर," मी म्हणालो. कॉम्प्युटर चालू असला की तो माझा असतो आणि बिघडला की तिच्या पोरीचा. ही आमच्या घरातली जुनी वाटणी आहे.

मी धंद्याने सुतार. शाळा तिसरीपर्यंत. चौथीच्या वर्गात थोडे दिवस बसलो, पण तिथलं बाक डुगडुगत होतं आणि मास्तरांपेक्षा माझं लक्ष त्या बाकाच्या पायाकडे जास्त. बाक मी नीट केलं आणि शाळा सुटली ती सुटलीच. पुढे भिंगारला मिलिटरीच्या वर्कशॉपात सिव्हिलियन सुतार म्हणून लागलो, तिथूनच रिटायर झालो. मिलिटरीच्या खोक्यांवर जे लिहिलेलं असतं ते वाचून वाचून मी इंग्रजी शिकलो. बोलता येत नाही, पण 'धिस साईड अप' लिहिलेलं खोकं मी जन्मात उलटं ठेवलेलं नाही. एवढं इंग्रजी पुष्कळांना येत नाही.

रिटायर झालो तेव्हा पोरगी कॉम्प्युटरचं शिकत होती. तिने तो डबा घरी आणला आणि त्यात घरच्या हिशोबाचा एक प्रोग्रॅम टाकून दिला. मला म्हणाली, "पप्पा, तुम्ही घरात बसून मम्मीचं डोकं खाण्यापेक्षा हे शिका." मी शिकलो. दोन्ही हातांचं एकेक बोट वापरतो, कारण खिळा एका वेळी एकच ठोकायचा असतो. मराठी अक्षरं कुठल्या बटणाखाली दडलीत ते मला अंधारातही सांगता येतं. दूध, किराणा, कोंबड्यांचं खाद्य, लाइट बिल, पेन्शन, बायकोच्या अंड्यांचे पैसे, सगळं मी स्वतः लिहायचो. घरी कोणी आलं आणि मी हिशोब करत बसलेलो असलो, तर खुर्ची जरा मुद्दाम तिरकी करायचो, म्हणजे पाहुण्याला पडदा दिसायचा.

डबा मेल्यावर पोरगी पुण्याहून आली. नवा कॉम्प्युटर आणला, चपटा, पाटीसारखा. जुना हिशोब तिने कुठेतरी उतरवून ठेवला होता, तो सहीसलामत निघाला. पण तो उघडायचा कशात? जुना प्रोग्रॅम नव्या यंत्रात काही केल्या चालू होईना. ज्यांनी तो बनवला होता त्यांनी दुकानच बंद केलेलं.

"पप्पा, हे आता विसरा. दुसरं सॉफ्टवेअर बघावं लागेल."

"बघू की. एक मेलं म्हनून बाजारात दुसरं मिळत न्हाई व्हय?"

"कॉम्प्युटरवर कशाला? मोबाईलवर घ्या. बँकेचे मेसेज ते स्वतःच वाचतं आणि स्वतःच हिशोब लिहितं. तुम्हाला काही करायलाच नको."

मला काही करायलाच नको म्हटल्यावर माझं डोकं तापलं. "मग मी काय, मेसेज आला म्हनून टाळ्या वाजवू?"

ती हसली नाही. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, आणि तिला वाटत होतं की म्हाताऱ्याने आता पडद्यापुढे बसू नये. ती म्हणाली, "चर्चच्या हंगामाच्या सणाला मी येणार आहे. तोपर्यंत तुम्हाला पटेल असं काही मिळालं आणि तुम्हाला ते जमलं, तर करा. नाहीतर घरचा हिशोब मी पुण्याहून करणार. तुम्ही रोज फोनवर सांगायचं, मी लिहीन."

म्हणजे करवत दुसऱ्याच्या हातात आणि मी बाजूला उभा राहून 'इथं काप, तिथं काप' म्हणायचं. रिटायर एकदा झालो तेवढं पुरे होतं. मी म्हणालो, "ठरलं. सनाला ये आनि बघ."

बायको दारात उभी होती. "लाकडं ठोकून झाली, आता बटनं ठोकायला बी परीक्षा," एवढं बोलून ती कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.

आता माझी एक अट होती, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आम्ही ख्रिस्ती माणसं. घरात जे येईल त्याचा दहावा हिस्सा देवाचा, त्याला आम्ही दशांश म्हणतो. माझं गाव शेवगावकडचं, कोरडं. ज्वारी घरात आली की माझी आई आधी दहावं माप उचलायची आणि एका वेगळ्या मडक्यात ओतायची. ते मडकं घरातच असायचं, आमच्या कणगीशेजारी. पण घरात धान्य किती आहे असं कोणी विचारलं, तर आई त्या मडक्याकडे बघायचीसुद्धा नाही. एकदा मी म्हणालो, "आई, मडक्यातली ज्वारी चर्चला गेली." ती म्हणाली, "गेली कशी? आपली हुती कधी?"

माझी अट तीच. दशांश हा खर्च नव्हे. जुन्या प्रोग्रॅमात पोरीने मला एक युक्ती करून दिली होती, पेन्शन आली की दहावा हिस्सा आधीच बाजूला व्हायचा आणि उरलेलं तेवढं 'आलं' म्हणून दिसायचं. नव्यात जो कोणी दशांशाला किराणा आणि लाइट बिलाच्या रांगेत बसवील, तो आमच्या घरात राहणार नाही.

लोक खुर्ची घेताना रंग बघतात. मी उलटी करून खालचे सांधे बघतो. सॉफ्टवेअरलाही मी तेच करायचं ठरवलं. प्रत्येकात एकाच महिन्याचा आमच्या घरचा हिशोब घालायचा आणि दशांश कुठे जाऊन पडतो ते बघायचं.

पहिलं आलं ते मराठीत होतं. पोरीनेच फोनवर सांगून उतरवून दिलं. मराठीत आहे म्हणून मी बायकोला हाक मारून दाखवलं. खाली कोपऱ्यात हिरवं बटण, त्यावर लिहिलेलं, 'वाचवा'.

"कोन बुडतंय?" बायको म्हणाली.

मी तिकडे दुर्लक्ष केलं. मग त्याने बँकेची माहिती विचारली. खात्याचा नंबर विचारला, तो दिला. पुढे लिहिलेलं होतं, 'फांदीचे नाव'. मी थांबलो. बँकेला फांदी कशाला लागते? पण विचारणाऱ्याला काहीतरी माहीत असणार. कदाचित दुसऱ्या कोणी आपलं खातं उघडू नये म्हणून अशी आडवळणाची खूण विचारत असतील. मोबाईलवर नाही का, तुमचा आवडता रंग कोणता, पहिली शाळा कोणती, असलं विचारतात? सुताराला फांदी विचारली, याचं मला उलट बरंच वाटलं. मी लिहिलं, 'सागवान'. त्याने घेतलं. पुढे विचारलं, 'तुमच्या ठेवीवर किती टक्के आवड आहे'. मी लिहिलं, शंभर.

संध्याकाळी पोरीला फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. पलीकडून आधी काहीच आवाज येईना. मला वाटलं फोन कटला. मग ती हसायला लागली ती थांबेचना. "पप्पा, फांदी म्हणजे ब्रँच हो! बँकेची ब्रँच! यंत्राने भाषांतर केलंय ते. आणि आवड म्हणजे इंटरेस्ट, व्याज!"

"मग शाखा म्हनायला काय झालं हुतं? आनि व्याजाला व्याज म्हनायला त्याचं काय जातं?"

"सागवान कशाला लिहिलंत?"

"मग काय, बाभळ लिहू?"

तिने आपल्या ऑफिसातल्या सगळ्यांना ते सांगितलं असणार, कारण पुढे कितीतरी दिवस फोन उचलला की ती आधी विचारायची, "काय म्हणतेय सागवान शाखा?" ज्यांना व्याज आणि आवड यातला फरक कळत नाही त्यांच्या हातात आमची पेन्शन द्यायची नव्हती. ते काढून टाकलं. काढतानाही त्याने विचारलं, 'वाचवा?' मी म्हणालो, "आता न्हाई वाचत तू."

दुसरं दर महिन्याला पैसे मागणारं होतं, पण पहिला महिना फुकट. दिसायला देखणं, रंगीत. सगळा हिशोब मी घातला. दशांश लिहायला तसा खण नव्हता, 'दान' होता. म्हटलं, बघू तरी. दुसऱ्या दिवशी उघडलं तर पडद्यावर लाल रंगाचं, तोंड पाडलेलं एक गोल डोकं आणि त्याखाली लिहिलेलं, की तुमचा दानावरचा खर्च प्रमाणाबाहेर आहे, पुढच्या महिन्यात तो निम्मा करून पाहा.

मी उभाच राहिलो. "तू कोन सांगनारा?"

"कोनाशी भांडताय?" बायको आतून.

"ह्यो मला शिकवतोय! दशांश निम्मा करा म्हनतोय!"

ती पदराला हात पुसत आली, पडद्यावरचं ते डोकं बघितलं आणि म्हणाली, "ह्याचं तोंड तर आमच्या काष्टीच्या थोरल्या मामासारखं हाय. त्यो बी असाच, दुसऱ्यानं दिलं की ह्याच्या पोटात दुखायचं." तिचं माहेर काष्टीचं. मग आम्ही दोघं त्या मामाच्या गोष्टींवर दुपारभर हसलो, आणि हिशोबाचं राहूनच गेलं. ते सॉफ्टवेअर काढायचं तेवढं मी विसरलो नाही.

तिसऱ्यासाठी मी स्वतः नगरला गेलो. कॉम्प्युटरच्या दुकानातला पोऱ्या चांगला होता, काका काका करत त्याने मला खुर्ची दिली. खुर्ची डुगडुगत होती, पण मी काही बोललो नाही. "काका, हे घ्या. एकदम टॉपचं. मोठे मोठे व्यापारी वापरतात. माल किती आला, किती गेला, जीएसटी, सगळं निघतं."

"माझ्या घरी माल न्हाई. कोंबड्या हायत."

"मग कोंबड्या मालात टाकायच्या, काका. अंडी हे उत्पादन."

"आनि चर्चच्या मंडळीला देतो ते?"

"ते जाहिरात खर्चात टाकतात लोक."

मी त्याला नीट बघून घेतलं. थट्टा करत नव्हता, बिचारा शिकवत होता. मी म्हणालो, "बाळा, देवाची जाहिरात मी करत न्हाई." आणि चहा पिऊन परत आलो. आमच्या बायकोने मात्र ते उत्पादन चांगलं लक्षात ठेवलं. अंडं कमी निघालं की कोंबडीला म्हणायची, "उत्पादन घटलंय गं बाई तुझं."

सण जवळ आला. चौथं मिळालं ते फुकट होतं. जगभरातल्या लोकांनी आपापल्या घरी बसून, वेळ मिळेल तसं, मिळून केलेलं, असं पोरीने सांगितलं. दिसायला अगदी ओबडधोबड. पण मी ते उलटं करून बघितलं आणि सांधे बघून खूष झालो. त्यात नियम असा, की एका खणातून रक्कम काढली तर ती दुसऱ्या खणात पडलीच पाहिजे. पडली नाही तर ते पुढेच जाऊ देत नाही. फळी कापली तर दोन तुकडे मिळून आधीची लांबी भरलीच पाहिजे, भुसा सोडून. इथे भुसासुद्धा सोडायचा नाही. असं काम मला कळतं.

वरचे मोठे खण ठरलेले होते, त्यांच्या आत आपण हवे तेवढे लहान खण करायचे. नावं मराठीत लिहिता येत होती. पोरगी फोनवर एकेक इंग्रजी नाव सांगत होती आणि मी मराठी लिहीत होतो. जे आपल्याकडे आहे त्याला 'आहे ते'. आलं, गेलं. मग ती म्हणाली, "आता पुढचा लायबिलिटीज. म्हणजे देणं."

"कुनाचं देनं?"

"कोणाचंही. तुम्ही ज्यांचं देणं लागता त्यांचं."

"मी कुनाचं देनं लागत न्हाई."

"पप्पा, नुसतं नाव द्यायचंय खणाला."

"काढून टाक त्यो खन."

"तो काढता येत नाही. तो ठरलेला आहे. आणि तुमचा दशांश तिथेच बसेल बघा, ऐका तर—"

मी ऐकलं नाही. चहाच्या टपरीवरसुद्धा मी आयुष्यात उधारी केलेली नाही. घर बांधलं ते एकेक खोली करत, पैसे साठतील तसं. मधली कितीतरी वर्षं आमच्या पुढच्या खोलीला दार नव्हतं, सुताराच्या घराला, पण कोणाकडे हात पसरला नाही. आणि आता म्हातारपणी घरच्या हिशोबात 'देणं' म्हणून पाटी लावू? पाहुणा आला आणि खुर्ची तिरकी केली तर त्याला तेच आधी दिसणार. मी म्हणालो, "हे बी नको." आणि फोन ठेवला.

बायको लसूण सोलत होती. ती खाली मान घालूनच म्हणाली, "पोरगी झाली तवा सगळ्या भिंगारात सांगत फिरत हुता, देवाचं देनं हाय म्हनून. तवा बरं चाललं देनं!"

"ते देनं येगळं."

"व्हय, तवा मिळत हुतं," ती म्हणाली आणि लसूण घेऊन आत गेली.

म्हणजे सण आला आणि माझ्या हातात सॉफ्टवेअर नव्हतं. चौथं तसंच कॉम्प्युटरमध्ये पडून होतं, अर्धवट. पोरगी आदल्या दिवशी आली, पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पिशवी आत ठेवायला गेली. ठरल्याप्रमाणे उद्यापासून हिशोब तिच्याकडे जाणार होता. मला त्या रात्री जेवण गेलं नाही, असं म्हणणार होतो, पण बायकोने मटण केलं होतं.

हंगामाचा सण म्हणजे ज्याच्या रानात, परसात जे पिकलं त्यातलं पहिलं आणि चांगलं चर्चमध्ये आणायचं. उपासनेनंतर बाहेर मांडवात त्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीला जातात. मंडळी म्हणजे आमच्या चर्चची सगळी माणसं मिळून. लोक वांगी आणतात, भोपळे, गूळ, कोंबड्या. माझं पीक लाकडाचं. त्या वर्षी मी एक बुटकं स्टूल केलं होतं, दाराच्या चौकटीतून उरलेल्या सागाचं. एकही खिळा नाही, नुसते सांधे. बायकोचे गुडघे दुखतात. तयार झालं तसं तिने खुर्चीत बसून त्यावर पाय ठेवून बघितले आणि म्हणाली, "हे मला राहू द्या."

"पहिलं आनि चांगलं तेच द्यायचं असतंय. तुला दुसरं करतो."

ती गप्प बसली. ती गप्प बसली की मी सावध व्हायला पाहिजे होतं.

लिलावाला आमचे खजिनदार उभे राहतात. रिटायर शिक्षक, आवाज असा की मांडवाला भोंगा लागत नाही. एका बाजूला आम्ही भाऊ, दुसऱ्या बाजूला बहिणी, आणि मधे सजावटीला बांधलेल्या उसाची ही मोठी मोळी. त्या मोळीमुळे पलीकडच्या अर्ध्या बायका आम्हाला दिसतच नव्हत्या.

भोपळे गेले, कोंबडा गेला. मग खजिनदारांनी माझं स्टूल डोक्यावर धरलं. "सागवानी! बिनखिळ्याचं! बोला!"

बहिणींकडून आमच्या शेजारणीने हाक दिली, "शंभर!"

शंभर? मला झोंबलं. शंभरात नुसता पॉलिशचा हात होत नाही. आणि त्या शेजारणीच्या घरी मी बघितलेलं आहे, असल्या पाटावर ती गॅसची टाकी ठेवते. माझं स्टूल टाकीखाली जाणार? मी ओरडलो, "दोनशे!"

"अडीचशे!" शेजारीण.

"चारशे!"

मांडवात हसू फुटलं. मला वाटलं शेजारणीला हसतायत. खजिनदारांना चेव चढला. "बहिणींकडून वाढले! भावांनो, सुताराची इज्जत राखा!"

सुतार मीच होतो. मी वाढवलं. पलीकडून परत वाढलं. पोरगी मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती, ओढणी तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी. मी तिला खुणेने विचारलं, काय झालं? तिने नुसती मान हलवली. पुढचा आकडा मी इथे लिहीत नाही. त्या पैशात सागाची आख्खी फळी आली असती, वर रंधा फुकट. शेवटी पलीकडून आवाज थांबला. एक वार, दोन वार, तीन वार. टाळ्या पडल्या.

मी छाती काढून स्टूल घ्यायला गेलो, उसाच्या मोळीला वळसा घालून. तिथे शेजारणीच्या मागे, मांडीवर बटवा उघडा ठेवून, आमची बायको बसलेली.

"तुमी?" ती म्हणाली. आवाज म्हणजे नुसता वारा. सणाच्या गाण्यांचा सराव करून करून तिचा घसा पार बसला होता, म्हणून तिच्या वतीने शेजारीण ओरडत होती.

"तू?"

"मग काय! माझं स्टूल कोनीतरी मेला पळवतोय, त्याला सोडू व्हय? अंड्यांचे पैसे संपले म्हनून थांबले, न्हाईतर दाखवलं असतं."

सगळी मंडळी हसून लोळायची बाकी. खजिनदारांना सुरुवातीपासून माहीत होतं. पोरीलाही. "पप्पा, मंडळीचा फायदा होत होता," ती म्हणाली, "मी कशाला मधे पडू?"

आता पैसे. खिशात हात घातला तर चष्म्याचं घर. जवळ होतं ते मी उपासनेतच पाकिटात घालून वाहिलं होतं. बायकोने बटवा पुढे केला. मी म्हणालो, "बोली माझी, पैसे माझे." पोरीने मोबाईल काढला, "पप्पा, मी आत्ता पाठवते." मी म्हणालो, "खबरदार."

खजिनदार हसले. "मग असं करा, पुढच्या रविवारी आणा. स्टूल आत्ता न्या. मी तुमच्या नावावर देणं लिहून ठेवतो."

माझी कानशिलं तापली. बायकोच्या घशातून आवाज निघत नव्हता, पण तेवढ्यापुरता निघाला. "लागला! कुनाचं तरी देनं लागला एकदाचा!"

घरी आलो. तिने खुर्ची ओढली, स्टूल समोर घेतलं आणि पाय वर केले.

"पाय काढ," मी म्हणालो. "ते अजून आपलं न्हाई."

"मग कुनाचं हाय?"

"मंडळीचं. पैसे दिले न्हाईत अजून."

"मंडळीचं हाय तर आपल्या घरात काय करतंय?"

मी स्टुलाकडे बघितलं. आपल्या घरात आहे, पण आपलं नाही. कणगीशेजारी आहे, पण कणगीत मोजायचं नाही. मला ते मडकं दिसलं, तोंडावर फडकं बांधलेलं. इतके दिवस पोरगी फोनवर हेच सांगत होती आणि मी फोन ठेवून देत होतो. देणं म्हणजे आपण कोणाचं खाऊन बसलो असं नव्हे. दुसऱ्याचं आपल्याकडे ठेवलेलं आहे, एवढंच.

मी कपडेसुद्धा बदलले नाहीत. कॉम्प्युटर लावला. पोरगी मागे येऊन उभी राहिली. वरच्या त्या खणावर अजून इंग्रजीच नाव होतं. मी ते पुसलं आणि दोन बोटांनी लिहिलं, 'देणं'. त्याच्या आत एक लहान खण केला, 'मंडळी'. त्यात आधी स्टुलाचे पैसे टाकले, आणि दुसऱ्या बाजूला 'आहे ते' मध्ये स्टूल. मग या महिन्याची पेन्शन घेतली. नऊ हिस्से 'आलं' मध्ये, दहावा सरळ 'देणं' मध्ये. खालचं बटण दाबायच्या आधी मी जरा थांबलो. त्याने बेरीज बघितली, दोन्ही बाजू जुळल्या, आणि घेतलं. मग 'गेलं'चा खण उघडून बघितला. दूध, किराणा, लाइट, कोंबड्या. दशांश त्यात कुठे नव्हता. पडद्यावर लाल काही नव्हतं, कोणी तोंड पाडलेलं नव्हतं.

"आई म्हनायची तसंच झालं बघ," मी म्हणालो. कोणाला म्हणालो ते मला माहीत नाही.

पोरगी वाकली. "पप्पा, इथे अजून एक करायचं असतं, थांबा, मी—" आणि तिने माउसकडे हात नेला.

"हात काढ."

तिने हात काढला. मग म्हणाली, "मग मी पुण्याहून काय लिहायचं?"

"तुझं तू लिही. अडलं तर फोन कर."

ती खरंच करते. तिनेही आता तेच सॉफ्टवेअर घेतलंय. तिच्या फ्लॅटचे हप्ते कुठल्या खणात घालायचे ते तिला माहीत असतं, पण मला विचारते, आणि मी ते सविस्तर सांगतो.

पुढच्या रविवारी मी पैसे नेले. खजिनदारांनी वहीत माझ्या नावावर रेघ मारली आणि मोठ्याने म्हणाले, "बहिणींकडून वाढले!" अजूनही रस्त्यात दिसले की तेच म्हणतात. घरी येऊन मी कॉम्प्युटर लावला, बँकेच्या खणातून रक्कम काढून 'मंडळी' मध्ये टाकली. स्टुलाच्या देण्यापुढे शून्य आलं. खुर्ची तिरकी केली, म्हणजे बायकोला पडदा दिसावा.

तिने लसणाचं ताट बाजूला ठेवलं, डोळे बारीक करून बघितलं. "आता आपलं का?"

"आपलं."

तिने दोन्ही पाय उचलून स्टुलावर ठेवले, टाच जरा इकडेतिकडे दाबून सांधे बघितले, जसे मी बघतो तसे, आणि म्हणाली, "डुगडुगत न्हाई."